‘खराब’ पट्टीखालचा माईक

मी कॉलरला लावायचा माईक बोलतोय. पुढे जे सांगणार आहे ते अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं बोललो तर माझी वायर तुटो. आता वायर आधीच तुटलेली आहे, तेव्हा या शपथेत फारसा दम नाही, हे मान्य. पण शपथ ती शपथ.

वाटाण्याएवढा माझा जीव. कारखान्यात डबीत भरण्याआधी तपासणाऱ्या बाईने मला तोंडाशी धरलं आणि म्हणाली, "एक, दोन, तीन." मला वाटलं, हिला काहीतरी सांगायचंय. पुढे चार काही आलंच नाही. त्यानंतर माझ्याशी जो जो पहिल्यांदा बोलला तो आकड्यांतच बोलला. ज्याला मनातलं सांगायचं असतं तो मोजत बसत नाही. माणसांवरचा माझा संशय असा जन्मजात आहे.

नोकरी लागली ती मुलाखतींच्या स्टुडिओत. जागा छातीवर. त्यामुळे तोंड काय म्हणतंय आणि आत काय धडधडतंय, दोन्ही एकदम ऐकू येई. दोन्हींचा मेळ बसलाय असा पाहुणा मला भेटला नाही. एक नट "प्रेक्षक माझे मायबाप" म्हणाला आणि मध्यंतरात मला मुठीत धरून मदतनिसाला विचारू लागला, मागच्या दाराने सटकता येईल का, पुढे फार गर्दी आहे. मुठीत धरलं की माईक बहिरा होतो, ही माणसांची समजूत मी कधी दूर केली नाही. आपलं काय जातंय?

आमचे मुलाखतकार साहेब म्हणजे आवाजाने अर्धं जग जिंकलेला आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल काहीही वाचायला तयार नसलेला माणूस. ऑफिसातली मंडळी त्यांना कार्डांवर प्रश्न लिहून देत. साहेब ते पाहुण्याबरोबरच, पहिल्यांदा वाचत. तयारी केली की उत्स्फूर्तपणा जातो, असं त्यांचं म्हणणं. एका लेखकाला त्यांनी विचारलं, "तुमच्या सगळ्या पुस्तकांत तुमचं लाडकं कुठलं?" त्या बिचाऱ्याने जन्मात एकच पुस्तक लिहिलं होतं. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "पहिलं."

"वा," साहेब म्हणाले.

दिवसाला तीन मुलाखती उरकायच्या. खुर्ची तीच, साहेबांचा फक्त शर्ट बदलायचा. सकाळच्या पाहुण्याची कार्डं पिवळी, दुपारच्याची निळी, संध्याकाळच्याची पांढरी. साहेब रंग बघत नसत. वर असेल तो गठ्ठा उचलत.

माझे मालक म्हणाल तर आवाजवाले काका. आकडे मोजायला न लावणारा हा एकच माणूस. आवाज तपासताना पाहुण्याला म्हणत, "सकाळपासून काय काय केलंत, सांगा." पाहुणे चहाबद्दल, तुटलेल्या चपलेबद्दल, नातवाबद्दल सांगत. अख्ख्या मुलाखतीत तेवढंच काय ते खरं. तरी काकांवरही माझा विश्वास नव्हता. माझ्यात शिरलेला प्रत्येक शब्द त्यांच्या हेडफोनमध्ये निघायचा, आणि इतकं ऐकूनही हा माणूस गप्प राहायचा. इतका गप्प माणूस काहीतरी साठवत असणार, असं मला वाटायचं.

त्या दिवशी सकाळी बाई आल्या. रंगभूमीवर चाळीस वर्षं उभी राहिलेली नटी. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. बरोबर लेक. काकांनी मला कॉलरला लावलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

बाई म्हणाल्या, "आज सकाळी..." आणि थांबल्या.

लेक मागून म्हणाली, "चहा घेतला, फिरून आलो, पेपर वाचला."

"ताई, आवाज त्यांचा हवाय," काका म्हणाले.

मला तिथेच वास आला. लेक आईला बोलू देत नाही. आईच्या मुठीत घडी घातलेला कागद चुरचुरतोय. नक्की काहीतरी लपवताहेत.

मग रंगभूषेसाठी बाई आतल्या खोलीत गेल्या. मी कॉलरला तसाच, चालू. अशा वेळी काका हेडफोन उतरवून ठेवत. त्या दिवशी उतरवले नाहीत. हेही मी नोंदवून ठेवलं.

आत लेकीने दार लावलं. "आई, कागद पुन्हा एकदा वाचू या," म्हणाली आणि वाचायला लागली. पहिल्या ओळीवर तिचं स्वतःचंच नाव होतं. ती तिथे जरा अडखळली. खाली नाटकांची नावं, बाबा जाऊन किती वर्षं झाली ते, घराचा पत्ता.

"डॉक्टरांनी सांगितलंय ते कुणाला कळायच्या आत मला निरोप घ्यायचाय," बाई म्हणाल्या. "एकदाच. ताठ मानेने. कीव करून घ्यायची नाही गं मला."

माझा संशय जागच्या जागी खजील झाला. पण पुरता गेला नाही, फक्त माणूस बदलला. आता तो हेडफोनमधल्या काकांवर गेला. ही बातमी आजच्या आज कुठे पोचवली असती तर तिच्यावर उड्या पडल्या असत्या.

दिवे लागले. साहेबांनी वरचा गठ्ठा उचलला. निळा. तो दुपारी येणाऱ्या एका गिर्यारोहकाचा.

"शिखरावर पोचलात तेव्हा पहिला विचार काय आला?"

बाई हसल्या. असले आलंकारिक प्रश्न त्यांनी खूप पचवले होते. म्हणाल्या, शिखर वगैरे काही नसतं, रोज पडदा वर जातो आणि रोज पोटात गोळा येतो. छान बोलल्या.

"वा. आणि प्राणवायू संपत आला, तेव्हा आधार कुणी दिला?"

आता आत धडधड सुरू झाली. आपल्या आयुष्यात असं काही झालं होतं का, हे बाईंना आठवेना. मुठीतला कागद चुरचुरला, पण त्यावर प्राणवायू नव्हता. "सहकाऱ्यांनी," बाई सावकाश म्हणाल्या.

"आणि त्या बर्फात पायाची दोन बोटं गेली. त्या क्षणाबद्दल सांगाल?"

त्यांची मान खाली गेली, हनुवटी मला टेकली. आणि ओठांतल्या ओठांत, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू, त्या मोजायला लागल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. बुटाच्या आत एकेक बोट हलवून बघत होत्या. मी जन्मभर आकडे ऐकले, इतक्या जिवाच्या आकांताने मोजलेले आकडे कधी ऐकले नव्हते. पाच भरली. तरीही समोर एवढा मोठा माणूस कागद बघून सांगतोय, म्हणजे गेलीच असतील, असं त्यांना वाटलं असावं.

"हो," बाई म्हणाल्या. "फार दुखलं होतं."

"वा," साहेब म्हणाले आणि पुढचं कार्ड काढलं.

कॅमेरावाला फिसकन हसला आणि त्याने कॅमेरा हळूच बुटांकडे नेला. तो तुकडा दुपारच्या जेवणापर्यंत गावभर झाला असता.

आणि नेमक्या त्याच क्षणी माझी वायर तुटली. खर्रकन आवाज झाला, मग सगळं शांत.

"थांबा," काका उठले. "माईक गेलाय. पहिल्यापासून एक अक्षर आलेलं नाही. सगळं पुसून नव्याने घ्यावं लागेल."

साहेब चिडले. म्हणाले, इतकं उत्स्फूर्त जमून आलं होतं. काकांनी त्यांच्यासमोर सगळं पुसलं. मला काढून टेबलावर ठेवलं आणि दुसरा माईक लावला. जाता जाता टेबलावरचा पिवळा गठ्ठा साहेबांच्या हातात दिला. "साहेब, हा खाली राहिला होता." मग बाईंसमोर उकिडवे बसले.

"बाई, आवाज बघतो. सकाळपासून काय केलंत?"

लेकीने या वेळी तोंड उघडलं नाही. बाईंनी मूठ सोडली, कागद मांडीवर ठेवला.

"सकाळी उठले," बाई म्हणाल्या. "खिडकीत बसले. आणि ठरवलं, टाळ्या चालू आहेत तोवर उतरावं. आज सगळ्यांचा निरोप घ्यायला आलेय. बाकी काही विचारू नका, मी आनंदात आहे."

साहेब अजून कार्ड वाचतच होते. पण टेप चालू होती. तेवढंच दाखवलं गेलं. लोक उभे राहून रडले म्हणतात. साहेबांना त्या मुलाखतीसाठी ढाल मिळाली, उत्स्फूर्ततेबद्दल.

मला मिळाली पट्टी. काकांनी स्वतःच्या अक्षरात 'खराब' लिहून माझ्यावर चिकटवली आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकलं. काका निवृत्त झाले, साहेब दुसरीकडे गेले, मी डब्यातच आहे.

आता कबुली. माझी वायर कधी तुटलीच नाही. खरखरही झाली नाही. मी ठणठणीत होतो आणि आहे. काका धडधडीत खोटं बोलले, आणि ते खोटं माझ्या नावावर लिहिलं. म्हणजे मीही शपथ मोडली आणि वायर मात्र शाबूत. तेव्हापासून शपथांवरही माझा विश्वास उरलेला नाही.

विश्वास ठेवावा असा एकच माणूस भेटला, आणि त्याच्यावर मी आयुष्यभर संशय घेत राहिलो.

परवा नव्या आवाजवालीने डबा उघडला. मला उचललं, उलटसुलट करून पाहिलं, "बरा दिसतोय की," म्हणाली आणि नखाने पट्टी खरवडू लागली. बाई अजून आहेत. लेकीचं नाव त्यांना कधी आठवतं, कधी नाही, असं ऐकलंय. जगाला मात्र त्या आठवतात त्या ताठ मानेच्या. मी चांगला निघालो तर कुणीतरी विचारेल, मग त्या दिवशी पुसलं काय आणि कशाला?

तेव्हा तुमच्या हाती कधी असा माईक आला, तर एवढं करा. पट्टी राहू द्या. आणि लावून बघायचंच असेल तर खुशाल एक, दोन, तीन म्हणा. मी ऐकेन सगळं. उत्तर देणार नाही.