हसरी बादली

फणसवाडीतल्या 'कृपासागर' इमारतीत चौदा बिऱ्हाडं होती आणि मनमोहन त्रिलोकेकर त्या चौदांचे सेक्रेटरी. विमा कचेरीत अडतीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. सूचना म्हटली की ती 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की' इथून सुरू व्हायला हवी, यावर ते ठाम होते. अडचण एवढीच, की त्यांच्या सूचना कुणी वाचत नसे. दुसऱ्या मजल्यावरचे सीताराम धैर्यवान शाळेपासूनचे मित्र, त्यामुळे तोंडावर सांगायचे, "मनमोहन, तुझी सूचना उघडली की मला पेंग येते रे." मन लावून वाचायची ती फक्त मनमोहन यांची बायको नलू. प्रत्येक मसुद्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका ती काढून द्यायची.

गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा शंतनु येऊन लॅपटॉपवर नवीन वर्ड घालून गेला. जाता जाता म्हणाला, "बाबा, यात आता हलणारी चित्रंपण टाकता येतात हां." तो गेला आणि मनमोहनना उद्योग मिळाला.

गच्चीवरच्या टाक्या बुधवारी धुवायच्या ठरल्या होत्या. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत पाणी बंद. तीन दिवस शोधाशोध करून मनमोहननी त्यासाठी एक चित्र मिळवलं. नळातून धो धो पाणी पडतंय आणि खाली पिवळी बादली खुदुखुदु हसतेय. मग धार बारीक होते, थेंब थेंब होते, नळावर लाल फुली येते आणि बादली भोकाड पसरते. लगेच पुन्हा पहिल्यापासून. हे चित्र त्यांनी सूचनेच्या बरोबर मध्यभागी बसवलं.

"नलू, इकडे ये. बघ."

नलूताईंनी चष्मा लावला. बादली चार वेळा हसली, चार वेळा रडली.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "पण पाणी 'खंडित' बुधवारीच होणार ना? मग तारीख इतकी खाली कशाला?"

"वर प्रस्तावना नको का?"

मंगळवारी दुपारी मनमोहननी सूचना पाठवली. वर्डची फाइल मोबाईलवर उघडत नाही अशी तिघांची तक्रार होती, म्हणून नेहमीप्रमाणे तिची पीडीएफ करून इमारतीच्या ग्रुपवर टाकली. पाठवलेली फाइल पुन्हा उघडून बघायची त्यांना गरज वाटली नाही. लॅपटॉपवर बादली व्यवस्थित रडत होती. पाच मिनिटांत अकरा अंगठे आले. एवढे अंगठे त्यांना सेक्रेटरी म्हणून निवडून आल्यावरही मिळाले नव्हते. रात्री जेवताना त्यांनी एक पोळी जास्त खाल्ली.

बुधवारी सव्वासातला दारावर थापा पडल्या. दारात सीताराम उभे. अंगावर बनियन, खांद्यावर जुना टॉवेल, आणि केसांना, मिश्यांना, थोडा कानांनाही काळाकुट्ट कलप.

"पाणी गेलं," सीताराम म्हणाले. "अर्ध्या तासात हे धुतलं नाही तर कातडीवर बसतं. दहाला दादरला भाचीचा साखरपुडा आहे."

"अरे, सूचना दिली होती ना?"

"दिली होतीस की. पाण्याविषयी महत्त्वाची सूचना, खाली भरभरून वाहणारा नळ आणि हसणारी बादली. मला वाटलं आज पाणी जास्त सोडतायत. म्हणून तर सकाळीच कलप लावायला घेतला."

मागून पहिल्या मजल्यावरच्या इरावती आल्या. कोपरापर्यंत साबणाचा फेस. "मनमोहनकाका, मी घरातले सगळे पडदे भिजवले. सोळा. एरवी एवढं पाणी कुठे मिळतं म्हणून."

मनमोहननी स्वतःचा मोबाईल काढला आणि पाठवलेली सूचना उघडली. नळ वाहत होता. बादली हसत होती. त्यांनी मिनिटभर वाट पाहिली, चित्रावर बोटाने टिचकी मारली. बादली हसतच राहिली. पीडीएफमध्ये पहिलं चित्र तेवढं गोठलं होतं. लाल फुली पुढच्या चित्रांत होती आणि ती लॅपटॉपमध्येच राहिली होती. अडतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एकही चुकीचं पत्र बाहेर गेलं नव्हतं. त्यांचे कान तापले.

"आत या दोघं," नलूताई म्हणाल्या. मसुदा वाचल्यामुळे त्यांनी मंगळवारीच पिंप, सहा बादल्या, कुकर आणि पुरणाचं पातेलंसुद्धा भरून ठेवलं होतं. "सीतारामभावजी, मोरीत वाका. अहो, तुम्ही तांब्या धरा. इरावती, पडदे तसेच राहू देत, तू हात धू."

मनमोहन तांब्याने पाणी ओतू लागले. काळे ओघळ मोरीभर पसरले.

"डाव्या कानामागे घाल," वाकलेल्या सीतारामांनी सांगितलं. "आणि कमी घाल, पाणी नाहीये."

चौथ्या तांब्याला मूळ रंगाचे सीताराम बाहेर आले. डाव्या कानावर एक काळा डाग मात्र राहिला, तो साबणालाही दाद देईना. पुसत पुसत ते खुर्चीवर बसले. समोर लॅपटॉप उघडाच होता. धार बारीक झाली, फुली आली, बादलीने भोकाड पसरलं. सीतारामांनी ते तीनदा पाहिलं.

"हे भारी आहे रे," ते म्हणाले. "हे आम्हाला का नाही दाखवलंस?"

मग मनमोहननी लॅपटॉप छातीशी धरला आणि मजल्यामजल्यावर नेऊन सूचना दाखवली. सकाळपासून पाणी नसलेल्या घरांतली माणसं दारात गोळा होऊन बादलीचं रडणं बघत होती. ओरडायला आलेले दोघेतिघे पुन्हा एकदा लावा म्हणाले. मनमोहननी लावलं. त्यांची सूचना इतक्या माणसांनी एकत्र पाहण्याची ही पहिलीच वेळ होती.

"ते ठीक आहे," इरावती म्हणाल्या, "पण पाणी येणार कधी?"

"खाली लिहिलंय," मनमोहन म्हणाले. "वाचा."

इरावतींनी मोठ्याने वाचलं: संध्याकाळी सहा. पाणी आलं साडेसातला.