जाऊबाईंना घरी आणलं

चंपाबाईला अर्धांगवायू झाल्याचा फोन आला, तेव्हा आशाबाई पुंडलिकनगरातल्या घरी स्वयंपाक करत होती. चंपाबाई तिची थोरली जाऊ. नवरा वारल्यापासून सिल्लोडला एकटीच राहायची, मुलगा दुबईला. दोघी जावा बावीस वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

आशाबाई दवाखान्यात नर्स होती. बावीस वर्षांपूर्वी तिची पहिली मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली. दफनभूमीत, सगळे माती देत असताना चंपाबाई मोठ्यानं म्हणाली होती, "रात्रपाळी करणाऱ्या बाईचं लेकरू. देवानं नेलं तेच बरं."

"तिला इथं आणू," आशाबाई नवऱ्याला म्हणाली.

याकोब बघतच राहिला. "माझी सख्खी भावजय हाय, तरी मला नाय जमणार. तुला जमंल?"

"ठाऊक नाय. पण आणायचं."

आणलं. याकोब तिच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकेना. अंग पुसणं, कूस बदलणं, चादरी धुणं, सगळं आशाबाई करायची. हात सराईतपणे चालायचे, पण मनात राग धुमसायचा. सकाळी ओट्यापाशी उभी राहून ती प्रार्थना करायची, "बापा, या बाईसाठी माझ्याजवळ प्रीती नाय. तुझी दे, म्हणजे आजचा दिवस निभंल."

एकदा चंपाबाईनं तोंडातली पेज थुंकली. बोबड्या जिभेनं म्हणाली, "उपकार करतीस व्हय? चर्चमधी मिरवायला?"

आशाबाईनं तिची हनुवटी पुसली. "तुम्ही दफनभूमीत काय बोलल्या ते मी विसरले नाय, जाऊबाई. विसरणारबी नाय. पण देवानं मला जवळ केलं तेव्हा माझी लायकी बघितली नव्हती. मग मी तुमची कशाला बघू? तोंड उघडा."

चंपाबाईनं ओठ घट्ट मिटले. पेज निवली. आशाबाईनं ती गरम करून आणली. पुन्हा निवली, पुन्हा गरम केली. तिसऱ्यांदा चंपाबाईनं तोंड उघडलं.

चौथ्या महिन्यात ती चाकांच्या खुर्चीत बसायला लागली. एका दुपारी आशाबाई तिची नखं कापत होती.

"नाव काय ठेवलं व्हतं तिचं?" चंपाबाईनं अचानक विचारलं.

आशाबाईचा हात थांबला. इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. "तनुजा," ती म्हणाली.

चंपाबाई ते नाव पुटपुटली. जीभ वळेना, तरी दोनदा, तीनदा म्हणाली आणि मान फिरवून रडू लागली. माफी काही तिनं मागितली नाही. आशाबाईनं उरलेली नखं कापली. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

रविवारी तिनं जाऊबाईंना चर्चला न्यायचं ठरवलं. चर्चच्या दाराशी चार पायऱ्या होत्या. आशाबाईनं पदर खोचला आणि खुर्ची मागून धरली. याकोब लांब उभा होता. तो क्षणभर घुटमळला. मग पुढं आला, वाकून चाकांजवळ हात घातला आणि म्हणाला, "वहिनी, नीट धरून बसा."

तिघं आत गेली, तेव्हा पहिलं गीत सुरू झालं होतं.