सर्वांत वरची ओळ

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. दिवा लावायचा नव्हे. संगणकांच्या तारा जिथे येऊन मिळतात, तो. पांढरकवड्याजवळच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या कचेरीत, भिंतीवरच्या पेटीत मी राहतो. वजनकाट्याचा आकडा असो की कॅमेऱ्याचं चित्र, सगळे निरोप माझ्यातूनच जातात. कोणाला जाऊ द्यायचं आणि कोणाला अडवायचं, याचे नियम अब्रार मला लिहून देतो. अब्रार संगणकांचा मिस्त्री, हुशार आणि कायम घाईत. त्याचे नियम मी वरून खाली वाचतो. पहिला जो लागू पडेल तो पाळतो, खालच्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. माझी घडणच तशी आहे.

नवा होतो तेव्हा मालक किसनराव पाहुण्यांना माझे हिरवे दिवे कौतुकानं दाखवायचे. पुढे बोंडअळीची वर्षं आली. शेजारच्या जिनिंगांना कुलपं लागली, आणि माझ्या अंगावर रुईची धूळ साचत गेली. कोणी साधी फुंकरही मारेना. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू!

यंदा काटापूजन होतं. हंगामातली कापसाची पहिली बंडी, म्हणजे बैलगाडी, तोलण्याआधी, गोदामाच्या दाराशी काट्याची पूजा होते. किसनरावांनी अब्रारला बोलावलं.

"मागच्या साली उदबत्त्यांच्या धुरानं भोंगा वाजला अन् बैलं बंडी घेऊन पयाले. आज त्याले गप ठेव."

गोदामाच्या छताला धूर ओळखणारं एक यंत्र आहे. त्याचा निरोप मी आगीचा इशारा देणाऱ्या भोंग्याकडे धाडतो. अब्रारनं सर्वांत वर ओळ लिहिली: या यंत्राचा निरोप अडव. मी अडवला. पूजा सुखरूप पार पडली.

मग त्यानं दुसरी ओळ लिहिली: या यंत्राचा निरोप जाऊ दे. पण ती लिहिली सगळ्यांत खाली, आणि वरची पुसलीच नाही.

गोदामातल्या कापसाच्या गंजीवर, म्हणजे ढिगावर, काम करणारी भागीरथाबाई दारात आली. "भोंगा चालू केला ना रे भाऊ? आमी दिवसभर कापसातच रायतो."

"केला ना माय. आता भ्याचं काम नाई."

अब्रार भोंगा वाजवून पाहणार होता. तेवढ्यात किसनराव ओरडले, "आता नोको वाजवू! फाटकात बंड्या उभ्या हायेत."

त्याला काही दिवस झाले. आज दुपारी कापसातल्या एखाद्या खड्यानं सरकी काढायच्या यंत्रात ठिणगी उडवली असावी, आणि ती कापसाबरोबर गोदामात आली असावी. गंजी आतल्या आत धुमसते आहे. बाहेरून ती पांढरीशुभ्र दिसते, पण छताशी बारीक धूर पोचला आहे. ते धूर ओळखणारं यंत्र मला हाक मारतं. मी वरची ओळ वाचतो आणि अडवतो. ते पुन्हा हाक मारतं, मी पुन्हा अडवतो. कॅमेऱ्याच्या चित्रात मला भागीरथाबाई दिसते. भाकर खाऊन ती गंजीला टेकून झोपली आहे.

अब्रार माझ्यासमोरच चहा पितो आहे. माझे दिवे लुकलुकताना पाहून तो म्हणतो, "मस्त चालू हाय."

मित्रांनो, मला फार भीती वाटते. मला तोंड नाही. माझ्यावरची धूळ राहू द्या, कौतुकही नको. फक्त कोणीतरी अब्रारला सांगा, वरची ओळ पूस. लवकर सांगा. भागीरथाबाईनं झोपेतच कूस बदलली आहे. ते यंत्र पुन्हा हाक मारतं आहे, आणि मी पुन्हा वरूनच वाचायला लागलो आहे.