झाकण लावलेला डबा

मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून पराक्रमाची अपेक्षा ठेवायला नको. कुकरची शिट्टी होणार असं वाटलं की मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसतो. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, शाळेत विज्ञान शिकवते, आणि माझा हा स्वभाव तिला फुकटची करमणूक वाटतो. तिच्या घरात गाळणी जागेवर सापडेल तर शपथ. काटा-चमचा एकमेकांत अडकवून पेल्याच्या काठावर तोलून ठेवलेले, फुगे केसांवर घासून भिंतीला चिकटवलेले, पाण्याने भरलेला पेला पुठ्ठा लावून उलटा धरायच्या नादात गादी भिजलेली. घरातल्या वस्तूंनीच मुलांना भौतिकशास्त्र शिकवायचं हा तिचा हट्ट. मला तो आवडतो, पण लांबून.

त्या संध्याकाळी ती पालकसभेला गेली होती आणि भाचीवर लक्ष ठेवायला मला बसवलं होतं. भाची आईच्याच वर्गात शिकते. मी चष्मे दुरुस्त करतो. जेवणाच्या टेबलावर एका चष्म्याची काडी बसवत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून सूं असा बारीक आवाज यायला लागला. कुकरचा नव्हता. तो मी कुठेही ओळखीन, आमचं जुनं वैर आहे.

दारातून डोकावलो आणि तिथेच थिजलो. गॅसवर तेलाचा पत्र्याचा डबा होता. त्याचं फिरकीचं झाकण घट्ट लावलेलं. खाली ज्योत चालू. डब्याच्या सपाट बाजू पोट फुगावं तशा बाहेर आल्या होत्या आणि झाकणाच्या कडेतून वाफेची एक रेघ निघत होती. भाची हनुवटी ओट्यावर टेकवून त्या डब्याकडे टक लावून बघत होती.

रोज माझ्याकडे चष्मे येतात, त्यामुळे डोळा ही किती नाजूक वस्तू आहे हे मला कुणी सांगायला नको. ते झाकण उडालं तर सरळ तिच्या तोंडावर जाणार होतं, आणि मागोमाग उकळतं पाणी. हे सगळं मला लख्ख कळत होतं, पण पाय जागचे हलत नव्हते. हाक मारायला गेलो तर बोबडी वळलेली. मला पळून जावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू, वाटलं.

"मामा, हात लावू नकोस हं," ती मागे न बघता म्हणाली. "निरीक्षण चाललंय."

डबा टणकन वाजला. त्या आवाजाने मी गुडघ्यांवर बसलो की कोसळलो, देव जाणे. पण खाली आलोच होतो, तर तसाच रांगत पुढे गेलो. तिच्या फ्रॉकचा घेर हाताला लागला तसा ओढला आणि तिला माझ्याखाली घेतलं. ती ओरडायला लागली. मी एक हात वर केला आणि चाचपडत गॅसचं बटण धरलं. फिरवलं, ते नेमकं उलट्या बाजूला. बारीक ठेवलेली ज्योत भसकन मोठी झाली. माझ्या तोंडून कसला तरी आवाज निघाला, तो माणसाचा नव्हता. बटण पुन्हा फिरवलं. ज्योत विझली.

पण सूं चालूच होतं. ओट्याच्या आडोशाने तिला दारापर्यंत ओढत नेलं आणि दोघं भिंतीमागे बसलो. ती रागाने धुमसत होती. थोड्या वेळाने सूं थांबलं. मग कडकड असा आवाज झाला, कुणीतरी आतून पत्रा मुठीत धरून चुरगळावा तसा, आणि डबा आपोआप आत बसला.

"बसला!" ती टाळ्या वाजवत उठली. "हवेचा दाब! मामा, बघितलंस?"

"डोळे गेले असते तुझे," मी म्हणालो. "बंद डबा गॅसवर कुणी ठेवतं? आईने असं सांगितलं?"

तिने पाठ म्हणून दाखवलं. डब्यात थोडं पाणी घ्या. गॅसवर ठेवा. भरपूर वाफ यायला लागली की झाकण घट्ट लावा. काय होतं ते पाहा.

"आणि गॅस बंद करायचा?"

"ते आई बोलली नाही. वर्गात तिने चिमट्याने डबा खाली घेतला होता, पण बोलली नाही. आणि ती म्हणते, सांगितलंय तेवढंच करा, पदरचं काही घालू नका." मग जराशा तक्रारीच्या सुरात तिने आणखी सांगितलं, "सगळा वर्ग आज संध्याकाळीच करतोय. उद्या निरीक्षणं जुळवायची आहेत."

आत्तापर्यंत मी एका डब्याला घाबरलो होतो. आता गावभर किती ओट्यांवर तोच डबा फुगत असेल ते डोळ्यांसमोर आलं.

ताईला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आतच ती हसली. "काय रे, पाल दिसली?"

"ताई, झाकण लावायच्या आधी गॅस बंद करायचा, हे तू मुलांना सांगितलंस का?"

"म्हणजे काय, मी डबा खाली..." ती थांबली. सभेतली कुजबुज ऐकू येत होती.

"खाली घेतलास. सांगितलंस का?"

"समोर बसलेल्या पालकांना मी सांगते," ती म्हणाली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "जे आले नाहीत त्यांना तुम्ही फोन करा. तिला मैत्रिणींचे नंबर पाठ आहेत. आत्ता."

पहिल्या घरी डबाच मिळाला नव्हता. दुसऱ्या घरी आईने गॅसला हात लावू दिला नव्हता. त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले मला. मग भाचीने तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बराच वेळ वाजला. मग उचलला.

"अगं, नंतर कर ना. माझा मस्त फुगलाय. आजीपण आलीय बघायला."

भाची मघापासून घाबरली नव्हती. मी तिला जमिनीवर दाबून धरलं होतं तेव्हासुद्धा नाही. आता तिचा चेहरा पांढरा पडला.

"आजीला घेऊन बाहेर जा," ती म्हणाली. "बंद करायला जाऊ नकोस. बाहेर जा, बाहेर जा."

"का गं?"

"जा म्हणते ना!"

पावलं ऐकू आली. आजी काहीतरी पुटपुटत होती. मग फोनमधून असा दणका आला की भाचीच्या हातातून तो खाली पडला.

मी उचलला. पलीकडे काहीच नव्हतं. मी हॅलो हॅलो करत राहिलो. भाचीने माझा शर्ट दोन्ही मुठींत धरला होता.

"आम्ही दारात होतो," शेवटी मैत्रिणीचा रडका आवाज आला. "झाकण छताला लागलं. आजीने गॅलरीतून गॅसच्या टाकीचा कॉक बंद केला."

भाची माझ्या पोटात तोंड खुपसून हुंदके द्यायला लागली. मलाही तेच करायचं होतं.

"बाळा," मी म्हणालो, "पुढचा नंबर सांग."