काठीखालचं दहावं

"नऊ म्हंजी नऊच! दहावं जनावरच नाय, तर देवाला देऊ काय, माझं मुंडासं?" भिकननं सकाळपासून हेच दळण लावलं होतं.

"लंगडं करडू देऊ की," गोठा झाडता झाडता आवडाबाई म्हणाली. "दशमांश चुकवायचा नाय."

"आगं, आधी उधारी फेडू. देव काय दारात येऊन बोंबलत नाय. सांडू बोंबलतो!"

खोटं नव्हतं ते. पाचोडच्या अलीकडं त्यांची ख्रिस्ती वस्ती. तिथल्या देवळाचा पंच सांडू. रविवारी दशमांशावर घसा कोरडा करायचा, सोमवारी उधारी मागत फिरायचा. भिकननं छपराच्या पत्र्यापायी त्याचे पाचशे घेतलेले, अन् त्या पाचशात सांडूला भिकनचा हजाराचा बोकड हवा होता. पोराच्या लग्नात हाच कापणार, असं गडी व्याह्यांना सांगून मोकळा झालेला!

तेवढ्यात सांडू आलाच, संगं पाळकसाहेब. कापणीचा सण तोंडावर, दशमांश गोळा करायचा होता.

"शास्त्रात काय लिवलंय?" सांडूनं गोठ्याच्या तोंडाशी काठी आडवी धरली. "काठीखालून जाणारं दहावं परमेश्वराचं. बरंवाईट बघायचं नाय, बदलायचं नाय. सोड गं आवडा!"

आवडाबाई आत गेली. एकेक शेळी बाहेर पडू लागली. सांडू ठसक्यात मोजत होता. "...आठ, नऊ..." भिकननं सुटकेचा श्वास टाकला. अन् शेवटी बोकड आला.

"दहा!" म्हणाला अन् सांडूनं जीभच चावली.

भिकननं तोंड उघडलं, तर बोकडामागून बाहेर आलेल्या बायकोनं पायावर पाय दिला. सांडू चाचरला, "साहेब, ह्याच्याऐवजी ते लंगडं..."

"बदलायचं नाय," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्हीच सांगितलंत, पंच."

सणाला देवळापुढं बोकडाचा लिलाव झाला. निम्मी वस्ती सांडूची देणेकरी. एरवी मान खाली घालणारी माणसं त्या दिवशी लई भक्तीनं बोली चढवत होती. व्याह्यांपुढं नाक कापलं जाईल म्हणून सांडूनं बोकड घेतला, अकराशेला. घाम पुशीत पैसे मोजले.

सणाच्या पैशातनं आधी अडल्यानडल्याला हात द्यायचा, हा त्या देवळाचा जुना रिवाज. पाळकसाहेबांनी पाचशे भिकनच्या हातावर ठेवले. भिकननं ते तिथंच सांडूच्या हातावर ठेवले. सगळ्या वस्तीनं बघितलं. सांडूला हसताही येईना, रडताही येईना.

घरी आल्यावर भिकननं शेळ्या मोजल्या. आठ. पुन्हा मोजल्या. आठच.

"आवडे, सांडूनं तर दहा मोजल्या. त्यातलं एक गेलं, मग आठ कशा?"

"चंद्री दोनदा गेली काठीखालून. मागल्या कुडाला भगदाड हाय नव्हं? दाण्याची पाटी दावली की येती आत."

भिकननं दोन्ही कान पकडले. "आगं, देवाला फसवलंस?"

"देवाला कशाला? त्याला नवातलं एक गेलं, जास्तीच गेलं," आवडाबाई चुलीत काटकी सारत म्हणाली. "अन् पंचाला मोजता येत नाय, हा काय माझा गुन्हा?"