पोटरीचा उभा धागा

बॅडमिंटन खेळताना शिंप्याच्या बायकोच्या पोटरीत फाटकन आवाज झाला आणि ती मटकन खाली बसली. जाळीपलीकडे उभ्या असलेल्या नवऱ्याच्या काळजाचं पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे, स्नायू फाटलाय. थोडी विश्रांती, मग हळूहळू चालायचं." शिंप्याने त्यातलं 'विश्रांती' तेवढं ऐकलं.

मग काय, चहा हातात, ताट हातात. दुकानातलं शिलाई मशीनसुद्धा त्याने पलंगाशेजारी आणून मांडलं. तिने पाय टेकवला रे टेकवला की कात्री टाकून हा हजर, "अगं अगं अगं!"

"अहो, सूज उतरलीय. आता चालायला हवं."

"मी आहे ना!"

"आहात हो. पण माझ्या वाटचं चालणार आहात का?"

गंमत म्हणजे बाई प्रयोगशाळेत उंदरांच्या स्नायूंवरच संशोधन करायची. पण घरात तिचं काही चालेना. एकदा तो बाहेर गेलेला पाहून ती भिंत धरधरून स्वयंपाकघरापर्यंत गेली, आणि नेमका तो परत आला. ओरडला नाही. रडवेला झाला.

"पुन्हा फाटला तर? तो आवाज अजून कानात आहे गं माझ्या."

तिचा राग तिथेच विरघळला. दुसऱ्या दिवशी तिने त्याला रिक्षाने प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

"आधी काही पेशी येऊन तुटकंफुटकं साफ करतात. मग तंतूंच्या कडेला झोपलेल्या पेशी जाग्या होतात, वाढतात, एकमेकींत मिसळून नवे तंतू घडवतात. हा स्नायू नुसत्या निजवून ठेवलेल्या उंदराचा. आणि हा, जरा सावरल्यावर चालू लागलेल्याचा."

पहिल्यात तंतू वेडेवाकडे, मधे व्रणाचा जाड थर. दुसऱ्यात सगळे एका दिशेने.

"हा तर कापडाचा सरळ उभा धागा!" शिंपी म्हणाला.

"बेताचा ताण मिळाला की त्यांना दिशा सापडते."

त्याने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे मी तुला जपत होतो, ते..."

"जपतच होतात. आता जरा कमी जपा."

संध्याकाळी त्याने तिचे बूट कपाटातून बाहेर काढले, नाड्या मात्र स्वतःच बांधल्या. लंगडत ती पुढे, दोन्ही हात पसरून तो मागे, अशी वरात गल्लीत निघाली.

"काय हो, कोंबडी पकडताय का?" शेजारीण खिडकीतून ओरडली.

बायको इतकी हसली, की तिला त्याचा हात धरावाच लागला.