खोक्यावरची अक्षरं

महिपत वैशाखऱ्याची नजर काचबिंदूने पुरती गेली, तेव्हा घरातली शेतराखणीची बंदूक परवान्यासकट राहीच्या, त्याच्या बायकोच्या, नावावर झाली. रानडुकरं भातात शिरली की हवेत बार काढायचा, एवढंच काम; पण त्याआधी महिपतने तिला काडतुसांच्या खोक्यावरचं लिहिणं वाचायला शिकवलं. बारा हे नळीचं माप, ते बंदुकीवरच्या मापाशी जुळलंच पाहिजे. नंबर छऱ्याचा, तो जितका मोठा तितका छर्रा बारीक. आणि सत्तर ही काडतुसाची मिलिमीटरमधली लांबी, तीही बार निघून तोंड उघडल्यानंतरची.

"शहात्तरचं पण आपल्या बंदुकीत बसतंय गो," तो बजावायचा. "बसलं म्हणून उडवायचं नाय. तोंड उघडायला जागा नसते. नळी फुटंल, हात जाईल तुझा."

भाद्रपदात तिने मुरबाडहून नवं खोकं आणलं. महिपतने ते मांडीवर घेतलं, बंद झाकणावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हे शहात्तरचं हाय. परत दे."

"अवो, सत्तर लिवलंय. मी वाचूनच घेतलं."

"आत बघ."

बाहेर सत्तरच होतं. आतल्या काडतुसांवर मात्र शहात्तर छापलेलं होतं. दुकानदाराने हात जोडून खोकं बदलून दिलं, आणि परतीच्या गाडीत राही आपला उजवा हात पदराखाली घट्ट धरून बसली. त्याला कसं कळलं, हे तिने विचारलं नाही. नवरा आपल्याला जपतो, याचंच तिला भरून आलं होतं.

भात झोडून झाल्यावर वालाच्या बियाण्याच्या पिशवीवरून त्याने तसाच अंगठा फिरवला. "हे उगवायचं नाय," म्हणाला. उगवलं नाही.

मग थंडीत शेजारचा जैतू सहज बसायला आला. महिपतने त्याचं मनगट धरलं, अंगठा क्षणभर तिथेच थांबला, आणि मग त्याने जैतूला उठूच दिलं नाही. जेवायला बसवलं, भाकरीवर भाकरी वाढायला लावली, निघताना दारापर्यंत चाचपडत सोडायला गेला. धडधाकट जैतू त्याच आठवड्यात शेताच्या बांधावर बसल्या बसल्या गेला.

त्यानंतर राही नवऱ्याच्या हाताला लागेनाशी झाली. ताट ती जमिनीवरून सरकवायची, काठी भिंतीला टेकवून बाजूला व्हायची. त्याने तक्रार केली नाही. पण एका दुपारी, ती समोरच उभी असताना, त्याने रिकाम्या खोलीत मारावी तशी हाक मारली. "राही, कुठं हायस गो?"

तो आवाज ऐकून तिलाच स्वतःची लाज वाटली. नुकतंच धुतलेलं तोंड पुसत ती त्याच्याजवळ जाऊन बसली. महिपतचा चेहरा उजळला. त्याने तिचा गाल चाचपला, भुवई चाचपली, आणि त्याचा अंगठा तिच्या उघड्या कपाळावर डावीकडून उजवीकडे सावकाश सरकू लागला. शेवटाला पोचून तो थांबला. पुन्हा सुरुवातीला आला.

"काय लिवलंय?" तिने हसत विचारलं.

महिपतने अंगठा जिभेला लावून ओला केला, आणि एका हाताने तिची मान मायेने धरून तो तिचं कपाळ घासू लागला. हळूहळू, मग जोरात.